गाडीतलं इथरनेट: दोनच वायरी, मीटरवर ६० ओहम येत नाहीत, मग तपासायचं कसं?

कोल्हापूर_ऑटोइलेक्ट्रिक:

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात आमचं मल्टिब्रँड गॅरेज आहे, मी इलेक्ट्रिकलचं बघतो. कॅनची, म्हणजे गाडीतली मॉड्युल (छोटे कंट्रोल कॉम्प्युटर) ज्या दोन वायरींवर एकमेकांशी बोलतात त्या लाइनची, कामं भरपूर केलीत, म्हणजे बॅटरी काढून ओबीडीच्या (स्कॅनर लावायच्या सॉकेटच्या) ६ आणि १४ नंबर पिनवर मीटर लावला, ६० ओहम आले की लाइन ठीक, १२० आले की एका टोकाचा रेझिस्टर गेला नाहीतर वायर तुटली, शून्याजवळ आलं की शॉर्ट, एवढं हातात बसलंय. आता एक मोठी इम्पोर्टेड एसयूव्ही आलीय, कंपनीचं नाव नको, पुढून ठोकलेली होती, बॉडीवाल्यांनी बंपर ग्रिल सगळं केलं आणि तुटलेल्या वायरी जोडून टेप मारून आमच्याकडे पाठवली. बाकी सगळं चालतंय पण ३६० कॅमेऱ्याचं (चार बाजूंचे चार कॅमेरे) पुढचं चित्र मधूनच जातं, खड्डा लागला की काळं होतं आणि परत येतं. डायग्राम काढला तर कॅमेऱ्याला दोन सप्लायच्या वायरी आणि दोन पिळलेल्या वायरी, आणि त्या पिळलेल्या जोडीवर इथरनेट लिहिलंय.

आता घरी राउटरला लावतो ती केबल आठ वायरची असते, मग ही दोन वायरची कशी काय? मीटर लावला तर धड काहीच येत नाही, एका टोकाकडून एक आकडा आणि दुसऱ्याकडून वेगळाच. स्कोप (सिग्नलचा आलेख दाखवणारं यंत्र) लावला तर नुसता गोंधळ दिसतो, कॅनसारखे चौकोनी पल्स नाहीत. ही जोडी जोडून चालते का पूर्ण बदलावी लागते? दुसरं म्हणजे आमचा स्कॅनर या गाडीशी अर्धवटच बोलतो, काही मॉड्युल लिस्टमध्येच येत नाहीत, त्याला नवीन स्कॅनर लागेल की नुसती वेगळी केबल घेऊन भागेल? आणि हे सगळं असंच वाढत जाणार असेल तर कॅन बंद होणार का? हाताखाली दोन पोरं शिकताहेत, त्यांना आता काय शिकवायचं ते ठरवायचंय. जाणकारांनी जरा सविस्तर सांगा, घाई नाही.

---

हिंजवडी_टेस्टबेंच:

दादा, प्रश्न एकदम नेमका विचारलात. मी पुण्यात ईसीयू (गाडीतली कंट्रोल मॉड्युल) टेस्टिंगला आहे, आधी कॅनवरच होतो, गेली काही वर्षं इथरनेटच्या प्रोजेक्टवर. एकेक घेतो.

आधी एक खात्री करा, कॅमेऱ्याला जाते ती खरंच पिळलेली जोडी आहे ना, का एकच जाडसर को-अ‍ॅक्सियल केबल आणि टोकाला रंगीत प्लास्टिकचा फाक्रा कनेक्टर आहे? कारण खूप गाड्यांत कॅमेरे अजूनही को-अ‍ॅक्सवर असतात आणि ते इथरनेट नसतं, वेगळीच सिरियल लिंक असते, त्याची तपासणी पण वेगळी. तुम्ही पिळलेली जोडी म्हणताय आणि डायग्रामवर लिहिलंय म्हणजे बहुतेक १००बेस-टी१, म्हणजे गाडीसाठीचं एका जोडीचं इथरनेट, आहे. आयईईई या स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेने हे २०१५ मध्ये ८०२.३बीडब्ल्यू म्हणून स्टँडर्ड केलं, वेग १०० मेगाबिट.

घरच्या १०० मेगाबिटच्या केबलमध्ये आठपैकी चारच वायरी वापरात असतात, एक जोडी पाठवायला आणि एक घ्यायला. गाडीत त्यांनी दोन्ही कामं एकाच जोडीवर आणली. दोन्ही टोकं एकाच वेळी बोलतात, आणि प्रत्येक टोकाची चिप आपण काय पाठवलं ते आलेल्या सिग्नलमधून वजा करते, उरतं ते समोरच्याचं. म्हणून तुमच्या स्कोपवर गोंधळ दिसला, तो बिघाड नाही, दोन सिग्नल एकावर एक बसलेत आणि प्रत्येक सिग्नल तीन पातळ्यांचा आहे, वर, मध्ये, खाली. शिवाय डेटा नसला तरी लाइन गप्प बसत नाही, चिप सतत काहीतरी पाठवत राहते म्हणजे दोन्ही टोकं एका तालात राहतात. कॅनचं उलट आहे, कुणी बोलत नसेल तर दोन्ही वायरी अडीच व्होल्टवर शांत असतात. त्यामुळे साध्या स्कोपवर या लाइनचा डेटा वाचायचा नादच सोडा.

मीटरचं असं की या लाइनवर दोन्ही टोकांना डीसी अडवणारे कॅपॅसिटर असतात. १०० ओहम जुळवणी (सिग्नल टोकावरून परत फिरू नये म्हणून) आहेच, पण ती त्या वेगाच्या सिग्नलला दिसते, मीटरच्या डीसीला नाही. प्रत्येक मॉड्युलच्या आतलं सर्किट थोडं वेगळं, म्हणून आकडे वेगळे आले. मीटरचा उपयोग एवढाच, दोन्ही टोकांचे कनेक्टर काढा, प्रत्येक वायर सलग आहे का बघा, दोघींत शॉर्ट नाही ना, बॉडीला लागत नाही ना बघा. हे सगळं पास झालं तरी लाइन खराब असू शकते हे मात्र पोरांना ठासून सांगा, कारण कॅनवर वाढलेल्या माणसाला हेच पचत नाही.

आता सगळ्यात मोठा फरक. कॅन म्हणजे गावातला कर्णा, एकाने पुकारलं की सगळ्यांना ऐकू येतं, ज्याला हवं तो घेतो. इथरनेटची वायर फक्त दोन टोकांमध्ये असते, कॅमेरा आणि स्विच (लाइनी एकत्र करून डेटा योग्य ठिकाणी पाठवणारा डबा), एवढंच. मध्ये तिसरा कुणी नाही. म्हणून कॅनवर आपण जशी मध्येच फांदी काढून ट्रॅकर नाहीतर बाहेरचा कॅमेरा मॉड्युल जोडतो तसं इथे अजिबात करायचं नाही, फांदी काढली की सिग्नल तिथून परततो आणि लिंकच पडते. याचा फायदा पण आहे तुम्हाला, कॅनवर एक मॉड्युल बिघडलं की सगळी बस (सामायिक लाइन) बसते आणि मग एकेक प्लग काढत बसायचं, इथे पुढचा कॅमेरा गेला तर पुढचाच जातो, बाकी तीन चालू राहतात. तुमच्याकडे तसंच झालंय ना? म्हणजे स्विच आणि कंट्रोलर ठीक असणार, बिघाड त्या एका जोडीत, तिच्या कनेक्टरमध्ये नाहीतर कॅमेऱ्यात. आणि खड्ड्याने होतंय म्हटल्यावर माझा पहिला संशय त्या टेपखालच्या जोडावर.

---

चाकण_हार्नेस:

मी हार्नेस बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे, जोडाबद्दल मी सांगते.

दादा, टेप काढून तो जोड बघा आणि किती लांबीपर्यंत पीळ उघडलाय ते मोजा. बॉडीवाले काय करतात, जुन्या वायरीचा पीळ वीतभर उघडतात, दोन नव्या वायरी सरळ शेजारी शेजारी घालतात, सोल्डर करून स्लीव्ह चढवतात आणि टेप मारतात. लाइटच्या वायरीला ते चालतं, कॅनला पण ५०० केबीपीएसवर (सेकंदाला ५ लाख बिट) बऱ्याचदा चालून जातं, आणि म्हणूनच सवय लागते. या जोडीला ते चालत नाही. दोन वायरींमधलं अंतर आणि पीळ यावरच ते १०० ओहम अवलंबून असतात, पीळ उघडला की तेवढ्या भागात ते बदलतात आणि सिग्नलचा काही भाग तिथून मागे फिरतो. शिवाय ही जोडी बहुतेक वेळा बिनशिल्डची असते, बाहेरचा गोंगाट दोन्ही वायरींवर सारखाच पडावा आणि वजाबाकीत निघून जावा हा सगळा भरवसा पिळावर आहे. हेडलाइटची वायर किंवा फॅन मोटरची वायर शेजारून जात असेल आणि पीळ उघडा असेल तर फॅन सुरू झाल्यावर पण चित्र जाईल, ते एकदा मुद्दाम करून बघा, फॅन चालू बंद करून.

आमच्याकडे ही जोडी बनवताना कनेक्टरच्या टोकाला पीळ किती उघडायचा यावर मिलीमीटरमध्ये मर्यादा असते, प्रत्येक ग्राहकाच्या ड्रॉइंगवर वेगळी असते पण असतेच, आणि ऑपरेटरला ती तोंडपाठ असते. यावरून अंदाज घ्या की वीतभर उघडा जोड म्हणजे काय. स्टँडर्डमध्ये १५ मीटर लांबी आणि मध्ये चार कनेक्टरपर्यंत मुभा आहे, म्हणजे लाइन तशी नाजूक नाही, पण ते कनेक्टर त्या कामाचे हवेत.

माझं मत विचाराल तर जोडू नका. कंपनीच्या रिपेअर मॅन्युअलमध्ये आधी बघा, पुष्कळ कंपन्या या जोडीला मध्ये जोड द्यायला सरळ मनाई करतात आणि कनेक्टर ते कनेक्टर तुकडा बदलायला सांगतात. पुढच्या बंपरचं हार्नेस बहुतेक वेगळा भाग म्हणून मिळतं, बंपर काढता यावा म्हणून मध्ये एक कनेक्टर असतोच. तेवढा भाग मागवा. मॅन्युअल जोडाला परवानगी देत असेल तर त्यात सांगितलेलीच वायर आणि सांगितलेलाच क्रिंप (दाबून बसवायचा जोड) वापरा, दोन्ही वायरींची लांबी सारखी ठेवा, जोड एकासमोर एक येऊ द्या आणि त्याच दिशेने पीळ परत घाला. बाजारातली कुठलीही दोन रंगांची वायर पिळून घालणं हा उपाय नाही. आणि कुठली वायर पॉझिटिव्ह कुठली निगेटिव्ह ते उलटू देऊ नका, काही चिप उलट लावलेलं ओळखून घेतात पण सगळ्याच घेतील यावर भरवसा ठेवू नका.

---

म्युनिक_मराठी:

वरच्या दोघांनी चांगलं सांगितलंय, मी स्कॅनरच्या प्रश्नावर येतो कारण त्यात लोकांचा नेहमी घोळ होतो. इकडे जर्मनीत वर्कशॉप डायग्नोस्टिक्समध्येच काम आहे माझं.

एकाच गाडीत दोन प्रकारचं इथरनेट असतं. आतमध्ये मॉड्युल ते मॉड्युल दोन वायरचं टी१. आणि ओबीडी सॉकेटवर जे येतं ते साधं आपलं घरचं १००बेस-टीएक्स, चार वायरचं, ३, ११, १२ आणि १३ नंबरच्या पिनांवर, आणि ८ नंबरची पिन ते जागं करायला. त्या ८ नंबरवर व्होल्टेज गेलं की गाडीचा गेटवे (बाहेरच्या आणि आतल्या नेटवर्कमधलं दार) इथरनेट चालू करतो, एरवी बंद ठेवतो. बीएमडब्ल्यूसाठी बाजारात ओबीडी ते आरजे४५ (घरच्या लॅन केबलचा प्लग) अशी केबल मिळते, तिच्यात १६ आणि ८ नंबरच्या मध्ये ५१० ओहमचा रेझिस्टर असतो तो याच कामासाठी. म्हणून लॅपटॉपच्या नेहमीच्या लॅन पोर्टने ओबीडीतून गाडीशी बोलता येतं, पण तोच लॅपटॉप कॅमेऱ्याच्या दोन वायरींना थेट लावता येत नाही, त्याला मध्ये टी१ चा मीडिया कन्व्हर्टर (एका प्रकारचं इथरनेट दुसऱ्यात बदलणारा डबा) लागतो, आणि त्यातही एक टोक मास्टर (ताल देणारं) आणि दुसरं स्लेव्ह (तो पाळणारं) असं आधी ठरवून ठेवावं लागतं, घरच्या लॅनसारखं ते आपापसात ठरवत नाहीत. दोन्ही टोकं मास्टर ठेवली की लिंक येणारच नाही, पट्ठे तासन्‌तास वायर तपासत बसतात.

ओबीडीवर जे बोलणं चालतं त्याला डीओआयपी (आयपी नेटवर्कवरून डायग्नोसिस) म्हणतात, आयएसओ १३४००, पोर्ट नंबर पण १३४०० च. आत तेच जुनं यूडीएस आहे जे तुम्ही कॅनवर वापरता, फॉल्ट वाचा, फॉल्ट पुसा, लाइव्ह डेटा, फक्त ते टीसीपीच्या (इंटरनेटवरच्या नेहमीच्या पद्धतीच्या) पाकिटात घालून पाठवतात. म्हणजे तुमचं डायग्नोसिसचं ज्ञान वाया जात नाही. पण स्कॅनरच्या हार्डवेअरला त्या पिना जोडलेल्या असायला हव्यात आणि सॉफ्टवेअरला डीओआयपी यायला हवं. जुन्या स्कॅनरमध्ये नुसती केबल बदलून होत नाही. काही कंपन्या जुन्या स्कॅनरला वेगळा डीओआयपी अ‍ॅडॉप्टर देतात, तुमच्या स्कॅनरवाल्याला मॉडेल नंबर सांगून आधी तेच विचारा, नवीन घ्यायची घाई नको. आणि नवीन घेणारच असाल तर दुकानदाराला डीओआयपी आणि कॅन एफडी (कॅनचा जास्त वेगाचा नवा प्रकार) दोन्ही आहेत का हे वेगवेगळं विचारा, कारण तुमच्याकडे मॉड्युल न दिसण्याचं कारण कॅन एफडी पण असू शकतं. तिसरी शक्यता म्हणजे गेटवेला सिक्युरिटी लॉक आहे आणि कंपनीच्या सर्व्हरवर लॉगिन केल्याशिवाय तो आतल्या मॉड्युलपर्यंत जाऊ देत नाही, तिथे केबलचा प्रश्नच नाही.

हे सगळं आलं कुठून ते पण थोडं सांगतो, पोरांना सांगायला बरं. बीएमडब्ल्यूने २००८ च्या ७ सिरीजमध्ये इथरनेट आणलं ते सॉफ्टवेअर भरायला. हिशोब करून बघा, १ जीबी म्हणजे ८०० कोटी बिट, ५०० केबीपीएसच्या कॅनवर नुसते ते ढकलायलाच जवळपास साडेचार तास, आणि कॅनच्या प्रत्येक फ्रेममध्ये डेटा ८ बाइट आणि बाकीचा फापटपसारा तेवढाच, म्हणजे खरे आठ-नऊ तास. १०० मेगाबिटवर तेच दीड मिनिटाच्या आत जातं, मग वेळ लागतो तो मॉड्युलच्या मेमरीत लिहायला. गाडी एका बेवर (कामाच्या जागेवर) दिवसभर अडकून पडणं वर्कशॉपला परवडत नाही हे तुम्हाला मी सांगायला नको.

पण घरची केबल बिनशिल्डची गाडीत घातली की रेडिओवर गोंगाट, उत्सर्जनाच्या टेस्टमध्ये नापास, आणि शिल्ड घातली की महाग आणि जड. त्यावर ब्रॉडकॉम या चिप कंपनीने ब्रॉडआर-रीच काढलं, एक जोडी, बिनशिल्ड, आणि सिग्नलचा फ्रिक्वेन्सीचा पट्टा खाली ओढलेला. २०११ मध्ये ओपन अलायन्स ही कंपन्यांची संघटना झाली, बीएमडब्ल्यू, ब्रॉडकॉम, एनएक्सपी, ह्युंदाई, हरमन वगैरे, म्हणजे हे एका चिपवाल्याच्या हातात राहू नये. २०१३ च्या एक्स५ मध्ये सराउंड कॅमेऱ्यांना ते पहिल्यांदा लागलं, म्हणजे तुमच्या गाडीत जे काम आहे नेमकं तेच काम. मग २०१५ मध्ये आयईईईने ते स्टँडर्ड केलं, २०१६ मध्ये १ गिगाबिट आलं, २०२० मध्ये १० गिगाबिटपर्यंत गेलं.

---

नाशिक_एम्बेडेड:

सगळं वाचलं, माहिती उत्तम आहे, पण दुसरी बाजू पण यायला हवी. मी ईसीयूचं सॉफ्टवेअर लिहितो आणि मला मनापासून वाटतं की इथरनेट जिथे गरज नाही तिथेही घुसवलं जातंय. कॅन बॉशने १९८६ मध्ये जगापुढे आणलं, आज त्याचा ट्रान्सीव्हर (लाइनवर सिग्नल पाठवणारी-घेणारी चिप) स्वस्त आहे, कुठल्याही मायक्रोकंट्रोलरमध्ये आतच कंट्रोलर मिळतो, दोन वायरींवर वीस मॉड्युल लटकवा. इथरनेटला प्रत्येक मॉड्युलमागे स्विचचा एक पोर्ट, दोन्हीकडे फाय (सिग्नल पाठवणारी-घेणारी) चिप, आणि वरच म्हटलंय तसं ती चिप डेटा नसतानाही बोलत राहते, म्हणजे करंट खात राहते. गाडी पार्किंगमध्ये आहे आणि नेटवर्क नीट झोपलं नाही तर सकाळी बॅटरी डाउन. यासाठी ओपन अलायन्सने टीसी१० म्हणून झोपवायची आणि जागं करायची पद्धत काढली तीसुद्धा नंतर. काचेची मोटर, आरशाची मोटर, सीट यांना आजही लिन बस पुरते, २० केबीपीएस, एक वायर. तिथे कोणी इथरनेट घालू नये.

दुसरं म्हणजे वेळेचं. ब्रेकचा मेसेज कॅनवर सगळ्यात वरच्या प्रायॉरिटीचा दिला की तो पुढच्या संधीला जाणारच, हे गणिताने सिद्ध करता येतं. इथरनेटच्या स्विचमध्ये कॅमेऱ्याच्या डेटाची रांग लागली असेल आणि ब्रेकचा मेसेज मागे उभा राहिला तर? ऑफिसमध्ये पान उशिरा उघडलं तर कुणी मरत नाही, इथे मरतो. मी तरी ब्रेक आणि स्टिअरिंग कॅन एफडीवरच ठेवीन, आता तर कॅन एक्सएल पण आलंय, त्यात एका फ्रेममध्ये २०४८ बाइट जातात.

---

हिंजवडी_टेस्टबेंच:

@नाशिक_एम्बेडेड, खर्चाचा आणि झोपेचा मुद्दा शंभर टक्के मान्य, पार्किंगमधल्या करंटवर आमचे निम्मे बग येतात. पण वेळेच्या मुद्द्यावर आकडे मांडतो. १०० मेगाबिटवर इथरनेटची सगळ्यात लांब साधी फ्रेम, दीड हजार बाइटची, आजूबाजूचं सगळं धरून साधारण १२३ मायक्रोसेकंदात निघून जाते. ५०० केबीपीएसच्या कॅनवर ८ बाइटची एक छोटी फ्रेम जायलाच सव्वादोनशे ते पावणेतीनशे मायक्रोसेकंद लागतात. म्हणजे ब्रेकचा मेसेज सगळ्यात वाईट वेळी एका अख्ख्या लांब फ्रेमच्या मागे थांबला तरी, त्या एका पोर्टपुरतं बोलायचं तर, तो कॅनपेक्षा कमीच थांबतो. अट एकच, त्याला स्विचमध्ये वरची रांग मिळाली पाहिजे, आणि तिथेच टीएसएन (वेळेत पोचण्याची हमी देणारे इथरनेटचे नियम) येतं. ८०२.१एएसने सगळ्या मॉड्युलची घड्याळं जुळवतात, ८०२.१क्यूबीव्हीने ठराविक वेळाचे कप्पे पाडतात, या कप्प्यात फक्त कंट्रोलचा डेटा, त्या कप्प्यात कॅमेरा. लांब फ्रेम मध्येच थांबवून तातडीची पुढे काढायची सोय पण आहे. फ्रेम दोन रस्त्यांनी पाठवून एक वायर तुटली तरी दुसरीकडून पोचेल अशी सोय ८०२.१सीबीमध्ये आहे. कॅनच्या बसला हे जमत नाही, तिथे दुसरी बस वेगळी टाकावी लागते.

तुमचं भय खोटं नाही, ते सेटिंग चुकलं तर सगळंच चुकतं, आणि कॅनमध्ये आयडी दिला की झालं तसं इथे नाही, प्रत्येक स्विचचं कोष्टक बरोबर लागतं. टेस्टिंगवाल्यांचं काम त्यामुळेच वाढलंय. कॅनवर एका जागी बसून सगळा ट्रॅफिक दिसायचा, इथे ज्या वायरवर बसलो तेवढाच दिसतो, बाकीचं बघायला स्विचचा मिरर पोर्ट (दुसऱ्या पोर्टच्या डेटाची नक्कल देणारा) नाहीतर मध्ये टॅप लागतो.

आणि एकदा कॅमेऱ्याचा हिशोब करा म्हणजे इथरनेट हौसेने नाही आलं ते पटेल. १९२० बाय १०८०, सेकंदाला ३० चित्रं, एका पिक्सेलला १६ बिट, कॉम्प्रेस न करता होतात जवळपास १ गिगाबिट. ८ मेगापिक्सेल घेतला तर १२ बिटनेसुद्धा ३ गिगाबिटच्या आसपास. १०० मेगाबिटवर कॅमेरा चालवायचा तर चित्र दाबूनच पाठवावं लागतं. कॅन एक्सएल सगळ्यात जोरात चालवलं तरी २० मेगाबिट. म्हणून झगडा कॅन विरुद्ध इथरनेट असा राहिलेलाच नाही, गाडीच्या वेगवेगळ्या भागांत झोनल (त्या त्या भागाचे) कंट्रोलर बसतात, त्यांच्या खाली कॅन आणि लिन तसंच राहतं आणि एका झोनकडून दुसऱ्याकडे जायला इथरनेटचा हमरस्ता. अमेरिकन कंपनी रिव्हियनने २०२४ च्या दुसऱ्या पिढीच्या गाड्यांत असं केलं तर ईसीयू १७ वरून ७ वर आले आणि दीड मैलाहून जास्त वायर कमी झाली असं त्यांनीच जाहीर केलंय.

---

नाशिक_एम्बेडेड:

आकडे पटले, एका पोर्टचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. तीन-चार स्विच ओलांडून जाताना बेरीज कशी होते ते प्रत्येक गाडीला वेगळं काढावं लागेल, माझा आग्रह तेवढाच आहे की ते काढूनच सही व्हावी. छोट्या सेन्सरसाठी १०बेस-टी१एस मात्र मला आवडलंय, १० मेगाबिट, एकाच जोडीवर आठ किंवा जास्त मॉड्युल आणि २५ मीटर, स्विच लागत नाही, पाळीपाळीने बोलतात म्हणून टक्कर होत नाही. गाडीच्या आतल्या रंगीत लाइटिंगसाठी बीएमडब्ल्यू ते घेतेय. म्हणजे कॅनचा सगळ्यात मोठा गुण, एका वायरवर सगळे, तो त्यांनी इथरनेटमध्ये आणला.

@कोल्हापूर_ऑटोइलेक्ट्रिक, दादा, टी१एसची गाडी पुढे आली तर वरचं फांदी न काढायचं वाक्य तिथे जरा वेगळं लागेल, तिथे छोट्या फांद्या मुळातच असतात. पण बाहेरचं काही जोडायचं नाही हे तिथेही तसंच.

---

कोल्हापूर_ऑटोइलेक्ट्रिक:

मंडळी, मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी सांगत नाही. टेप काढली. ताईंनी म्हटलं तसंच निघालं, पीळ चांगला वीतभर उघडा, दोन वायरींची लांबी पण वेगळी, एक दुमडून आत कोंबलेली, आणि शेजारून रेडिएटर फॅनची जाड वायर. फॅन चालू केला तर चित्र गेलं, बंद केला तर आलं, दोन-तीनदा करून बघितलं. मालकाला बोलावून समोर दाखवलं, आता बंपरचं हार्नेस मागवलंय, यायला वेळ आहे. तोपर्यंत ती जोडी फॅनच्या वायरीपासून लांब बांधून गाडी देऊ का, का नकोच? मालक घाई करतोय. आणि स्कॅनरवाल्याशी बोललो, अ‍ॅडॉप्टर आहे म्हणाला, तो मागवतो.

अजून एक, हार्नेस बदलल्यावर लाइन खरंच चांगली झाली हे कळणार कसं? चित्र आलं म्हणजे ठीक असं समजायचं का?

---

चाकण_हार्नेस:

गाडी देऊ नका असं मी म्हणेन, आणि द्यायचीच झाली तर ३६० चं चित्र चालत नाही, त्यावर विसंबून पार्किंग करू नका हे जॉब कार्डवर लिहून मालकाची सही घ्या. चित्र पूर्ण बंद असलेलं परवडलं, कारण माणूस वळून बघतो. मधूनच जाणाऱ्या चित्रावर माणूस विश्वास ठेवतो आणि पुढे पोर असतं. त्याच कॅमेऱ्यावरून गाडी आपोआप ब्रेक लावण्यासारखं काही ठरवत असेल का ते पण मॅन्युअलमध्ये बघून घ्या.

---

हिंजवडी_टेस्टबेंच:

ताईंशी सहमत. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं असं की चित्र आलं एवढ्यावर जाऊ नका, कारण ही लिंक काठावर असली तरी चालते, थंड गाडीत ठीक आणि दुपारी इंजिन तापलं की एरर. या चिपमध्ये सिग्नल किती चांगला येतोय याचा एक निर्देशांक असतो, एसक्यूआय म्हणतात, ० ते ७, जितका जास्त तितका चांगला. शिवाय वायर तुटलीय का शॉर्ट आहे आणि साधारण किती अंतरावर, हे पण बऱ्याच चिप स्वतः मोजू शकतात. आता तो आकडा स्कॅनरवर दाखवायचा की नाही हे गाडीच्या कंपनीवर आहे, अ‍ॅडॉप्टर आला की कॅमेरा कंट्रोलरच्या लाइव्ह डेटामध्ये शोधा, लिंक क्वालिटी, सिग्नल क्वालिटी, सीआरसी एरर काउंट (खराब आलेल्या पाकिटांची मोजणी) अशा काहीतरी नावाने असतो. चारही कॅमेऱ्यांचा आकडा शेजारी ठेवून बघा, बाकी तिघांपेक्षा पुढचा बराच खाली असेल तर काम झालेलं नाही. आकडा मिळालाच नाही तर एरर पुसा, सगळी दिवे-पंखे-वायपर चालू ठेवून गाडी गरम होईस्तोवर खराब रस्त्यावर फिरवून आणा आणि परत वाचा. एकही कम्युनिकेशनचा फॉल्ट परत आला नाही पाहिजे.

आणि उजवा किंवा डावा कॅमेरा पुढे लावून बघायचा मोह होईल, तो टाळा. कनेक्टर बसला तरी आतलं कोडिंग वेगळं असतं, मग खऱ्या बिघाडावर अजून एक खोटा बिघाड चढतो.

पोरांचं म्हणाल तर कॅन आधी पक्कं करून घ्या, तेच अजून बरीच वर्षं गाडीत असणार आहे. त्यासोबत आयपी अ‍ॅड्रेस म्हणजे काय, स्विच काय करतो, व्हीलॅन (एकाच वायरीवरची वेगवेगळी नेटवर्क) काय, एवढं घरच्या राउटरवर आणि एखाद्या जुन्या लॅपटॉपवर शिकवा. वायरशार्क हे नेटवर्कवरचा डेटा दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात डीओआयपी आणि गाडीतलं सोम-आयपी (मॉड्युलांचं आपसातलं बोलणं) दोन्ही उलगडून दिसतं. तुमचा अ‍ॅडॉप्टर आला की पहिल्या दिवशी स्कॅनर जोडताना मध्ये एक साधा मॅनेज्ड स्विच ठेवून मिरर पोर्टवर लॅपटॉप लावा आणि गाडी स्वतःचा चेसिस नंबर सांगत पहिला मेसेज टाकते तो त्यांना दाखवा. मागच्या दोन-तीन वर्षांत गाड्यांची कुलपं वाढलीत, युरोपात तर जुलै २०२४ पासून सगळ्या नव्या गाड्यांना यूएन आर१५५ या नियमाची सायबर सिक्युरिटी लागू झाली, त्यामुळे आतलं सगळंच दिसणार नाही, पण हा पहिला मेसेज दिसतो.

---

म्युनिक_मराठी:

एक राहिलं. बंपर निघाला होता आणि पुढचा कॅमेरा बहुतेक हललाय, म्हणजे हार्नेस बदलल्यावर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन करावं लागेल, नाहीतर चार चित्रांचा सांधा जुळणार नाही आणि गाडीपुढची रेष चुकीच्या जागी दिसेल. जमिनीवर टाकायच्या चटया लागतात की गाडी ठराविक वेगाने चालवून होतं ते मॉडेलवर आहे. बंपरमागे रडार असेल तर त्याचं वेगळं. स्कॅनरवाल्याला अ‍ॅडॉप्टरसोबत हेही विचारून घ्या की त्याचं सॉफ्टवेअर या गाडीचं कॅलिब्रेशन डीओआयपीवरून करू शकतं का, नुसते फॉल्ट वाचणारे बरेच असतात.